दादाचं एमबीए

आमच्या गावात कोणाच्या पोराला घरबसल्या एमबीए करायचं असलं की लोक माझ्या भावाकडे सल्ला विचारायला येतात. संध्याकाळी सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, खाट टाकलेली असते. खाटेवर दादा बसतो, समोरच्या खुर्चीवर पोराचा बाप बसतो आणि पोरगा दाराला टेकून मोबाइल बघत उभा राहतो. दादाच्या डोक्यावर, कोनाड्याच्या वरती, त्याची पदवी काचेच्या चौकटीत लावलेली आहे. बाप आधी त्या चौकटीकडे बघतो आणि मग विचारतो, "कामाचं हाये का जी हे? का उगीच?" दादा हनुवटी खाजवतो आणि मग सांगतो की जरूर करा, आजकाल त्याच्याशिवाय कोणी विचारत नाही. तोवर मी आतून चहा घेऊन येते. मला कोणी काही विचारत नाही. विचारलंच तर अद्रक टाकलं का, एवढंच.

ते एमबीए मी केलं आहे. भावाला डबा करून दिला, त्याच्यासाठी नवस बोलले, असल्या अर्थाने म्हणत नाही. व्याख्यानं मी ऐकली, टिपणं मी काढली, दर महिन्याला द्यायचे ते लेख मी लिहिले आणि परीक्षेची उत्तरंही मीच दिली. दादाने दोन कामं केली. प्रत्येक परीक्षेच्या आधी कॅमेऱ्याला चेहरा दाखवला आणि शेवटी भिंतीला खिळा ठोकला. हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे, तरी त्या खाटेवर बसून सल्ला तो देतो. याचा मला राग येतो. पहिल्या दिवशी आला होता तेवढाच अजून येतो.

दादा तेव्हा गोंदियाला मोटारसायकलींच्या शोरूममध्ये विक्रीवर होता. सकाळी तिरोड्यापर्यंत गाडीने आणि पुढे रेल्वेने जायचा, अंधार पडता पडता परत यायचा. मालकाने एक नवा पोरगा आणून त्याच्या वर बसवला, कारण त्या पोराकडे एमबीए होतं. दादाला ते फार लागलं. आठवडाभर तो धड जेवला नाही. मग एक दिवस घरी येऊन म्हणाला की आपण पण करून टाकू, आता घरबसल्या होतं. कुठल्याशा दूरच्या शहरातलं विद्यापीठ होतं. ते आम्ही कधी पाहिलं नाही आणि त्यांनीही आम्हाला कधी पाहिलं नाही.

आमच्या घरात बोलण्यापुरती रेंज येते, व्हिडिओ लावला की मात्र तो नुसता गोल गोल फिरत बसतो. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, चढलं की माझ्या सिमला चांगलं नेट मिळतं. दादा दिवसभर गिऱ्हाइकांत, त्याला लॉगिन करायला फुरसत कुठली? म्हणून प्रवेश घेतानाच नंबर माझा दिला, म्हणजे ओटीपी माझ्याकडे येईल आणि मी बघून घेईन. मी बी.कॉम. होऊन घरीच होते. सोसायटीच्या धान खरेदी केंद्रावर कॉम्प्युटर चालवायचं काम होतं, पण ते हंगामापुरतं.

"चालू करून ठेवजो, बाई," दादा म्हणाला. "हजेरी लागली म्हणजे झालं. तुले ऐका नाही लागत."

चालू करून ठेवलेलं ऐकू येतंच. पाळीवर पळसाखाली बसायचं, खाली पाटाला पाणी सोडलेलं, धानाच्या बांध्यांमध्ये बाया वाकून रोवणी करताहेत, आणि माझ्या कानात एक सर बाजारपेठेबद्दल बोलताहेत. त्यांचा शर्ट कायम निळा असायचा. प्रत्येक व्याख्यानाची सुरुवात ते स्वतःच्या बायकोने भाजीवाल्याशी केलेल्या घासाघिशीने करायचे आणि आपणच हसायचे. सुरुवातीला मला कंटाळा आला. मग एके दिवशी त्यांनी माल कधी मागवावा आणि किती मागवावा हे शिकवायला घेतलं. मी वही उघडली.

मला ते आवडलं. हे सांगताना स्वतःचाच राग येतो, पण खोटं कशाला बोलू? सर बड्या बड्या कंपन्यांची उदाहरणं द्यायचे, कॉफीच्या दुकानांची, विमानांची. मी त्यांच्या जागी आमचं खरेदी केंद्र ठेवून बघायची. दर हंगामात आमच्याकडे बारदाना संपतो. रिकामी पोती वेळेवर येत नाहीत, मापलेलं धान उघड्यावर पडून राहतं, ट्रॅक्टरांची रांग पार बस थांब्यापर्यंत जाते आणि शेतकरी येऊन माझ्यावर ओरडतात, कारण खिडकीत मी दिसते. मला वाटायचं, हे आपलं नशीब आहे. सरांनी सांगितलं की हे नशीब नाही, कोणीतरी वेळेवर हिशोब लावला नाही म्हणून असं होतं. एवढ्या वर्षांत मला हे कोणीच सांगितलं नव्हतं.

त्या विषयाचा लेख मी बारदान्यावर लिहिला. कोणत्या आठवड्यात किती धान येतं, पोती किती दिवस आधी मागवायला हवीत, कोणत्या गावाला कोणत्या दिवशी बोलवावं म्हणजे रांग लागणार नाही, सगळं मांडलं. सरांनी खाली शेरा दिला की प्रत्यक्ष कामातून उतरलेला असा लेख फार दिवसांनी वाचायला मिळाला, शाब्बास. शाब्बासच्या पुढे दादाचं नाव होतं. दादाने तो शेरा सपरीत उभं राहून आईबाबांना वाचून दाखवला. आईने त्याच्या हातावर साखर ठेवली. मी तिथेच उभी होते म्हणून उरलेली चिमूटभर मला दिली. मी खाल्ली, गोडही लागली.

परीक्षा म्हणजे आणखी मजा. सुरुवातीला कॅमेरा चेहरा बघून घ्यायचा, पुढे त्याला कशाशी घेणंदेणं नसायचं. दादा आंघोळ करून, केस विंचरून, शोरूमचा शर्ट घालून माझ्याबरोबर पाळीवर यायचा. लॅपटॉपसमोर गंभीर चेहरा करून बसायचा. फोटो निघाला की उठून चपला घालायचा आणि म्हणायचा, "आता तू बघून घे." मग तो तलावाच्या काठाने फिरायला जायचा, कोणी मासे पकडत असलं तर त्याच्याशी गप्पा मारायचा. तीन तासांनी येऊन विचारायचा, पेपर कसा गेला? मी सांगायची, "चांगला गेला तुले."

तो खरंच चांगला गेला. पहिल्या वर्गात पास झाला. मालकाने पगार वाढवला नाही, पण लग्न मात्र झटक्यात जमलं. पत्रिकेत नावापुढे ती तीन अक्षरं छापली, वराच्या नावापेक्षा जरा ठळकच. वहिनीच्या माहेरची माणसं साक्षगंधाला आली तेव्हा त्यांनी चौकटीचा फोटो काढून घेतला.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. भावासाठी केलं म्हणून गिळून टाकलं असतं, जशा बाकीच्या गोष्टी गिळल्या.

पण आमच्याकडे शेतकऱ्यांची एक कंपनी निघाली. आठ-दहा गावांनी मिळून केलेली, धान एकत्र विकायचं, बियाणं-खत एकत्र घ्यायचं, अशी. तिचे अध्यक्ष म्हणजे शेजारच्या गावचे एक वयस्कर शेतकरी. कायम पांढरी टोपी आणि हातात छत्री, ऊन असो की पाऊस. ते दर हंगामात केंद्रावर यायचे. मागच्या हंगामात मी केंद्रप्रमुखाला गळ घालून बारदाना आधी मागवायला लावला होता, आणि आमच्याकडे रांग लागली नव्हती. अध्यक्षांनी ते हेरलं होतं. दसऱ्याच्या सुमारास ते मुद्दाम घरी आले, अंगणातच उभे राहिले आणि म्हणाले, "तुहं काम मी पाहून राहिलो, बेटा. आमाले मॅनेजर पाहिजे. तू कर."

मग त्यांनीच पुढचं सांगितलं. मॅनेजरचा पगार सरकारी योजनेतून येणार होता आणि योजनेची अट होती की माणूस एमबीए झालेला पाहिजे, नाहीतर निदान शिकत असलेला.

"शिकून राहिली म्हणून पावती दाखव," ते म्हणाले. "मंडई होऊ दे, मंग आमची बैठक हाये. तोवरी जागा थांबवतो."

घरबसल्याचं एमबीए कामाचं असतं की नसतं, याचा असा विचार कोणी केला नसेल जसा मी त्या दिवसांत केला. माझ्यासाठी त्यात शिकायचं काही उरलं नव्हतं. त्याच वह्या, तेच सर, सरांच्या बायकोचा तोच भाजीवाला. फी मी माझ्या पगारातून भरणार होते, कोणापुढे हात पसरायचे नव्हते. मला फक्त जे केलं त्याला माझं नाव लावायचं होतं, आणि त्यासाठी पुन्हा पहिल्यापासून दोन वर्षं घालवायची होती. कधी वाटायचं, हा वेडेपणा आहे. एकदा रोवलेली बांधी कोणी उपटून पुन्हा रोवतं का? मग अध्यक्षांचं "तू कर" आठवायचं आणि मी पुन्हा फीचा हिशोब मांडायला बसायची. मला इतक्या वर्षांत कोणी, काही, तू कर असं म्हटलं नव्हतं. म्हटलं होतं ते बघून घे.

मी घरी सांगितलं. दादाही होता. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. अध्यक्ष कोण, योजना कोणती, बैठक कधी, एक एक गोष्ट विचारली. मला वाटलं, माझी काळजी करतोय. आई म्हणाली, "मंडईले सगडे येऊनच राहिले. तवा बोलू. दादाले त्यातलं मालूम हाये, तोच सांगन."

आमच्याकडे भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरते. दुकानं लागतात, दंडारीचा खेळ होतो, रात्री नाटक असतं, पण ते सगळं वरवरचं. खरी मंडई घरात भरते. लेकीबाळी, जावई, मामा, आत्या सगळे त्या दिवशी एका छपराखाली असतात. म्हणून सोयरिकी तेव्हाच निघतात, वाटण्या तेव्हाच ठरतात आणि वर्षभर रेंगाळलेल्या गोष्टी वडे खाता खाता निकालात निघतात. त्या दिवशी जे ठरतं ते सगळ्यांनी ठरवलेलं असतं, मग ते मोडायची कोणाची छाती होत नाही.

मंडईच्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर सपरीत सगळे बसले. मामा खाटेवर, दादा त्यांच्या शेजारी, आत्या भिंतीला टेकून पाय पसरून. वहिनी आणि मी आतून वडे आणून देत होतो. बाबांनी विषय काढला. "पोट्टी एमबीए करतो म्हणून राहिली. पैसे तिचेच हायेत. पण दोन सालं जाईन."

मामांनी दादाकडे पाहिलं. "भाचा, तू केला न बाप्पा. तूच सांग. कामाचं हाये का?"

दादाने हनुवटी खाजवली. ती खाजवणी मी पहिल्यांदा तेव्हा पाहिली. "खरं सांगू का मामा? काही नाही त्याच्यात. घरी बसून व्हिडिओ पाहा लागते. टाइमपास हाये. मी करून बसलो न, मले का भेटलं? आतावरी शोरूमातच हावो. इच्या लग्नाचं पाहा, तेच कामाचं हाये."

"मंग राहू दे," मामा म्हणाले. विषय तिथे संपला होता. बाबांनी मान हलवली, आत्याने पानाचा डबा ओढला.

माझ्या हातात वड्यांचं ताट होतं. ते मी खाली ठेवलं. "दादा, तू कोणता व्हिडिओ पाहिला?" मी विचारलं. "एकाचं तरी सांग."

"आता का परीक्षा घेऊन राहिली का?" तो हसला.

"परीक्षा मीच देल्ली न तुही. तुहं एमबीए मी केलं. एक पेपर तरी तू लिवला का? सांग सगड्याईसमोर."

बोलून टाकलं. एवढी वर्षं ही गोष्ट मी अशी जपली होती की जणू बाहेर पडली तर घर कोसळेल. मला वाटलं, आता दादा खाली मान घालेल, मामा चिडतील, बाबा उठून निघून जातील. तसलं काही झालं नाही. दादाने दुसरा वडा घेतला.

मामा म्हणाले, "मंग? बहीण नाही करन त कोण करन? तुह्या मायनं त आमाले तवाच सांगितलन."

"भावाले मदत केली त पावण्यात बोलून दाखोते," आई म्हणाली. तिचा चेहरा खरंच उतरला होता, माझी लाज वाटून.

आत्याने पानाला चुना लावता लावता माझ्याकडे पाहिलं. रागाने अजिबात नाही, उलट मायेनेच. म्हणाली, "बाई, आमच्या वक्ती भावासाठी शाडा सोडा लागे. तुले त बसल्या जागी शिकाले भेटलं."

सगळे हसले. आत्याही हसली. तिची शाळा चौथीत सुटली होती आणि ज्या भावासाठी सुटली तो माझा बाप समोर बसला होता. त्यांनी खाली पाहिलं नाही, वरही पाहिलं नाही, सुपारी कातरत राहिले. फक्त वहिनी दारात ताट घेऊन थबकली. तिने चौकटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आत निघून गेली. तिला बिचारीला कोणी सांगितलं नव्हतं. मी जे लपवलं समजत होते ते तेवढ्या एकाच माणसापासून लपलेलं होतं.

आता कोणी म्हणेल की पैसे तुझे होते, मोबाइल तुझा होता, प्रवेशाचं बटण तेवढं दाबायचं होतं. खरं आहे. दाबलं नाही. मंडईत ठरलं म्हणून नाही दाबलं, हे अर्धं झालं. उरलेलं अर्धं सांगायला जास्त जड जातं. मला शंका आली. दादा म्हणाला की त्यात काही नाही, आणि मला वाटलं, असेलही. ज्याने पुस्तक उघडून पाहिलं नव्हतं त्याच्या म्हणण्यावर मी पाळीवर बसून विचार करत राहिले, आणि ज्या बाईने सगळी पुस्तकं वाचली होती तिला काही विचारलंच नाही. ती बाई मीच होते. प्रवेशाची शेवटची तारीख निघून गेली.

मग केंद्र सुरू झालं. एका सकाळी अध्यक्ष छत्री टेकत खिडकीशी आले. "तू आलीच नाहीस बेटा," ते म्हणाले. "बरं झालं, घरचाच माणूस भेटला. तुह्या भावाले घेतलं."

मी विचारलं, कधी?

"अर्ज त त्यानं दिवाळीच्या आधीच देल्ला होता."

दिवाळीच्या आधी. म्हणजे मंडईच्या दिवशी मामांच्या शेजारी बसून तो टाइमपास म्हणाला तेव्हा त्याचा अर्ज कंपनीत जाऊन पडलेला होता. खिडकीसमोर रांग उभी होती, मी सातबारे तपासत राहिले. एका शेतकऱ्याचं नाव दोनदा चुकवलं आणि त्याच्या शिव्या खाल्ल्या.

घरी गेल्यावर दादा म्हणाला, "तुले सांगनारच होतो." आईने पुरणपोळी केली होती. बाबांच्या तोंडावर मी इतका आनंद कधी पाहिला नव्हता. त्यांचा मुलगा आता गोंदियाला लोकांच्या गाड्या विकणार नव्हता, आठ-दहा गावांचा साहेब होणार होता.

दोन-तीन दिवसांनी दादा लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ आला. तो असा समोर ठेवला जसा दर महिन्याला ठेवायचा. "पयल्या बैठकीत सगड्याईले काही दाखवा लागते. ते बारदान्याचं तुहं होतं न, तेच टाक. जरा बघून घे, बाई."

"नाही," मी म्हणाले.

"काऊन?"

"तू एमबीए हायेस न."

त्याला आधी थट्टा वाटली. मग माझ्याकडे बघून तो लॅपटॉप उचलून घेऊन गेला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! त्या रात्री मी पोटभर जेवले. मनात एकच गोष्ट घोळत होती. बैठकीला केंद्रावरच्या आम्हा लोकांनाही बोलावलं होतं. मी पहिल्या रांगेत बसणार आणि दादा कसा तोंडावर पडतो ते डोळे भरून बघणार.

बैठक कंपनीच्या नव्या गोदामात होती. सतरंज्या टाकल्या होत्या, शेतकरी दाटीवाटीने बसले होते. दादा उठला. हातात कागद नाही, मागे पडद्यावर काही नाही. त्याने शोरूमचाच शर्ट घातला होता, बाह्या दुमडलेल्या. आणि तो बोलायला लागला. थोडं मराठीत, बरंचसं हिंदीत, मध्ये मध्ये इंग्रजी. अपनी टीम, अपना व्हिजन, किसान का ब्रँड. एका म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काकाजी के धान का फोटो एक दिन दुबई के मॉल में लगेगा." काकाजी लाजले. लोक हसले, टाळ्या वाजल्या. मोटारसायकल विकणारा माणूस तो, त्याला समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलता येतं. त्याला तेवढंच येत होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

बारदाना कधी येणार, असं कोणीही विचारलं नाही. मी वाट बघत होते. एकाने तरी विचारावं, म्हणजे तो अडखळेल. ज्यांची पोती दरवर्षी अडतात ते सगळे समोर बसलेले, आणि सगळे दुबईत गेलेले. शेवटी अध्यक्ष माझ्याजवळ आले आणि भल्या मनाने म्हणाले, "डोकं हाये बाप्पा तुह्या भावाचं. तू बी कर बेटा एमबीए, त्याच्यासारखं."

मी तिथून सरळ पाळीवर गेले. भर दुपार होती. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. इतके दिवस मी समजत होते की मी त्याच्यासाठी शिकले, माझ्या शिकण्यावर तो उभा आहे, मी हात काढला की पडेल. तो पडला नाही. माझं शिकणं त्याला लागतच नव्हतं. त्याला चौकट लागत होती, ती मी देऊन बसले होते. आणि माझ्याकडे शिकणं होतं, त्याला चौकट नव्हती म्हणून ते अध्यक्षांच्या छत्रीसारखं नुसतं हातात धरून फिरायचं होतं. एमबीए कामाचं आहे की नाही, याचं उत्तर मला त्या गोदामात मिळालं. आत काय शिकवतात हे कोणी विचारत नाही. वरती कोणाचं नाव आहे, एवढंच बघतात. असल्या गोष्टीसाठी दोन वर्षं घालवायची म्हणजे संताप येतो, पण न घालवून मी कुठे पोहोचले होते?

मी विद्यापीठाचा नंबर लावला. मला वाटलं होतं पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागेल. पण यांच्याकडे शेवटची तारीख दर महिन्याला नवी येते. एका पोराने फोन उचलला, आणि मी बोलायच्या आधीच मोठ्या उत्साहाने दादाचं नाव घेऊन म्हणाला, "नमस्ते सर! कैसे हैं आप?"

"सर नहीं, मॅडम बोल रही हूँ," मी म्हणाले. "मुझे एडमिशन लेना है. मेरे नाम से."

तिकडे बटणं दाबल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "मैम, इस नंबर पर तो एमबीए कम्प्लीट हो चुका है."

"हाँ. मालूम है."

"तो इस नंबर से नहीं होगा, मैम. एक नंबर पर एक ही स्टूडेंट. कोई दूसरा नंबर दीजिए."

माझ्याजवळ दुसरा नंबर नव्हता. बी.कॉम.ला असल्यापासून हाच एक होता, आणि तो एमबीए झालेला होता.

दुसऱ्या दिवशी मी तिरोड्याला जाऊन नवं सिम घेतलं, आणि त्यावर प्रवेशही घेतला. जुनं सिम बाबांच्या पडून असलेल्या बटणांच्या मोबाइलमध्ये टाकून तो सपरीतल्या कोनाड्यात ठेवून दिला. नवा नंबर घरात कोणाला दिलेला नाही. आता केंद्रावरून सुटले की पाळीवर जाते. सरांचा शर्ट अजून निळाच आहे, बायको अजून त्याच भाजीवाल्याशी भांडते आहे. हसू कुठे यायचं ते मला आधीच ठाऊक असतं, आणि तिथे मी हसत नाही.

परवा पुन्हा कोणाचा तरी बाप सल्ला विचारायला आला होता. मी घरात नव्हते. चहा सांगायला दादाने मला फोन लावला. तो त्याच्याच डोक्यावर, चौकटीखालच्या कोनाड्यात वाजायला लागला. वहिनी सांगत होती, पाहुणा आधी मोबाइलकडे बघत राहिला आणि मग दादाकडे. वहिनी आतच होती, पण उठली नाही म्हणे. शेवटी दादाने खाटेवरून उठून चहा स्वतःच केला. अद्रक कुठे ठेवलेलं असतं ते त्याला सापडलं नाही.